बीएमएसचं सेमिस्टर: हजेरीपासून रिव्हॅल्युएशनपर्यंत कुठे काय चुकतं

दर सेमिस्टरच्या शेवटी माझ्या टेबलासमोर तीच रांग लागते. "सर, हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलंय." "सर, एक्स्टर्नलला पन्नास आहेत, तरी नापास कसा?" "मॅडमनी तोंडी हो म्हटलं होतं." मुंबईतल्या एका कॉलेजात परीक्षा आणि हजेरी समितीचं काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. मुलं नियम मोडतात म्हणून क्वचितच अडकतात. पहिल्या आठवड्यात विचारायचं ते बाराव्या आठवड्यात विचारतात म्हणून अडकतात. म्हणून हा लेख सेमिस्टरच्या क्रमानेच लिहिला आहे, आणि वाचायचाही त्याच क्रमाने.

टप्पा १: आपल्याला कोणाचे नियम लागू आहेत ते पहिल्या आठवड्यात ठरवा

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. मुंबईत एकाच लोकलच्या डब्यात बीएमएसची (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) चार मुलं बसलेली असतात आणि चौघांचे नियम वेगळे असतात. संलग्न कॉलेजात मुंबई विद्यापीठाचे नियम चालतात. मिठीबाई, जय हिंद, पोदार किंवा वझे-केळकरसारख्या स्वायत्त कॉलेजांत पदवी विद्यापीठाचीच मिळते, पण परीक्षा, अंतर्गत गुण आणि वेळापत्रक कॉलेज ठरवतं. एनएमआयएमएससारख्या अभिमत विद्यापीठाचा कारभार पूर्ण वेगळा. त्यामुळे "माझ्या मित्राच्या कॉलेजात तर चालतं" हे वाक्य ऑफिसात वापरू नका, उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट बॅचची. नवीन शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. त्याआधीच्या सिनिअरने ७५ गुण बाहेरचे, म्हणजे लेखी परीक्षेचे, आणि २५ आतले, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, अशी परीक्षा दिली. तुमच्या वेळी ६०:४० आहे. सिनिअरच्या नोट्स घ्या, नियम घेऊ नका. कोर्सचं नावही एकदा तपासा. बीबीए-बीएमएस एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत गेल्यावर बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नाव बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असं केलं. फॉर्म भरताना प्रवेशाच्या पावतीवर जे नाव आहे तेच लिहायचं, तोंडात बसलेलं 'बीएमएस' नाही.

मग एक साधी कोब्रा फाइल घ्या. तिच्यात प्रवेशाची पावती, आयकार्डची झेरॉक्स, १६ आकडी पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), १२ आकडी अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक), सेमिस्टरचं वेळापत्रक आणि कॉलेजच्या हँडबुकमधली परीक्षा व हजेरीची पानं ठेवा. क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँकेत जमा होतात आणि तो हिशेब अपार आयडीवरच चालतो. क्रेडिट म्हणजे विषयाला ठरवलेलं वजन, विषयात पास झालात की ते तुमच्या खात्यावर येतं. आयडीवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल, म्हणजे एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, तर ते आताच दुरुस्त करून घ्या. तिसऱ्या वर्षी हे करायला दमछाक होते.

तपासा: कॉलेज संलग्न आहे की स्वायत्त, पद्धत ६०:४० आहे का, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का. या तिन्हीची उत्तरं कागदावर मिळाली की पुढे जा.

टप्पा २: हजेरीचा हिशेब स्वतः ठेवा

विद्यापीठाचा हजेरीचा नियम ऑर्डिनन्स ६०८६ मध्ये आहे. सगळे ७५ टक्के म्हणतात आणि तिथेच थांबतात. नियमाला दोन पाय आहेत. सगळ्या विषयांची मिळून सरासरी किमान ७५ टक्के हवी, आणि त्याशिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के हवी.

गेल्या वर्षीचं एक उदाहरण सोपे आकडे घालून सांगतो. पाच विषय धरा, प्रत्येकी ४० लेक्चर्स, एकूण २००. मुलगी बदलापूरहून यायची. अकाउंट्सला ३६, इकॉनॉमिक्सला ३४, मार्केटिंगला ३५, लॉला ३३. पाचवा विषय सकाळी सातचा, त्याला १८. बेरीज १५६, म्हणजे ७८ टक्के. ती निर्धास्त होती. पण सातच्या विषयाची हजेरी ४५ टक्के भरली आणि नाव यादीत आलं. लांबून येणाऱ्यांचं पहिलं लेक्चर जातं आणि ते नेहमी त्याच विषयाचं जातं. विरार, कर्जत, पनवेलकडच्यांनी वेळापत्रक हातात येताच पहिल्या तासाला कोणता विषय किती दिवस आहे ते बघून ठेवावं.

दुसरा हिशेब वेळेचा. समजा २०० पैकी १२० लेक्चर्स झाली आणि तुम्ही ७२ ला होता, म्हणजे ६० टक्के. उरलेली ८० सगळी बसलात तर १५२ होतात, ७६ टक्के. सुटलात. पण "बघू पुढच्या आठवड्यापासून" म्हणत आणखी २५ लेक्चर्स त्याच चालीने काढली तर १४५ पैकी ८७ होतात. मग उरलेली ५५ च्या ५५ बसलात तरी १४२, म्हणजे ७१ टक्के. आता कितीही मनावर घेतलं तरी गणित जुळत नाही. म्हणून दर शनिवारी वहीच्या शेवटच्या पानावर विषयवार दोन आकडे लिहा: किती झाली, किती बसलो. पाच मिनिटांचं काम आहे.

फेस्टिव्हलचा मुद्दा वेगळा काढतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावर होतात. कॉलेजचं अधिकृत प्रतिनिधित्व करताना, प्राचार्यांच्या परवानगीने, बुडालेली लेक्चर्स हजर धरली जातात. हे नियमातच आहे. पण "सीएल (फेस्टिव्हलला जाणाऱ्या टीमचा विद्यार्थी-प्रमुख) म्हणाला अटेंडन्स मिळेल" ही परवानगी नव्हे. मल्हार असो वा मूड इंडिगो, जाण्याआधी नावांची यादी सही-शिक्क्यासह ऑफिसात गेली पाहिजे आणि तिची एक प्रत तुमच्या फाइलमध्ये हवी. प्रेक्षक म्हणून गेलात किंवा मित्राच्या टीमला टाळ्या वाजवायला गेलात, तर ती सरळ गैरहजेरी.

आजारपणाचंही तसंच. डेंग्यू झाला, आठ दिवस गेले, तर बरं होऊन आलात त्याच आठवड्यात डॉक्टरांचं सर्टिफिकेट, रिपोर्ट आणि अर्ज द्या. सेमिस्टरच्या शेवटी आलेल्या सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यात एकाच दवाखान्याची, एकाच शाईची, लागोपाठ नंबरांची सर्टिफिकेटं मी पाहिली आहेत. त्यात खरोखर आजारी असलेला एखादा मुलगाही संशयाच्या नजरेखाली येतो.

सावधान: प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर असलेल्याची खोटी हजेरी, लावून घेऊ नका, दुसऱ्याचीही लावू नका. हजेरी कमी पडली तर विनंतीला जागा असते. पकडलेल्या प्रॉक्सीनंतर तीही राहत नाही.

टप्पा ३: अंतर्गत ४० गुण ही वेगळी परीक्षा समजा

चार क्रेडिटच्या विषयाला १०० गुण: ४० अंतर्गत, ६० लेखी. दोन क्रेडिटच्या विषयाला ५०: २० आणि ३०. पास होण्यासाठी दोन्हीकडे स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. म्हणजे ४० पैकी १६ आणि ६० पैकी २४, किंवा २० पैकी ८ आणि ३० पैकी १२.

सुरुवातीच्या रांगेतला "पन्नास आहेत, तरी नापास" वाला मुलगा आठवा. त्याला लेखीत ६० पैकी ५० होते. अंतर्गतमध्ये १४. बेरीज ६४, आणि तो नापास. क्लास टेस्ट दिली होती, प्रेझेंटेशनच्या दिवशी गैरहजर होता, असाइनमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळा झाला होता. दोन गुणांनी गेला.

सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: ४० ची विभागणी कशी आहे आणि कुठल्या तारखांना? उत्तर लिहून घ्या. असाइनमेंट ज्या मार्गाने मागितली आहे त्याच मार्गाने द्या. गूगल क्लासरूमवर मागितली तर तिथेच, हार्ड कॉपी मागितली तर सबमिशन शीटवर सही करून. टेस्ट चुकली तर फेरपरीक्षेचा अर्ज पुराव्यासह लगेच द्या. "टेस्ट संपल्यावर मॅडमना भेटलो होतो" याची नोंद कुठेच नसते.

तपासा: अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी बहुतेक कॉलेजं ते दाखवतात. त्या दिवशी कॉलेजात या आणि बेरीज स्वतः करा. मार्कशीटवर छापून आल्यावर दुरुस्तीला फार वणवण होते.

टप्पा ४: प्रोजेक्ट आणि ओजेटी

इथे जरा थांबतो, कारण मॅनेजमेंटच्या मुलांचा खरा कस इथे लागतो आणि सर्वात जास्त खोटेपणाही इथेच होतो.

आधी ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. क्रम असा ठेवा.

१. आधी कॉलेजकडून शिफारसपत्र घ्या, मग कंपनीकडून स्वीकृतिपत्र. काम सुरू झाल्यावर पत्र मागितलं तर आधीचे तास धरले जातीलच असं नाही.

२. काकांचं मस्जिद बंदरला होलसेलचं दुकान असेल तरी बिघडत नाही. पण लेटरहेड, जीएसटी नंबर, देखरेख करणाऱ्याचं नाव आणि फोन हवा, आणि कॉलेजातल्या मार्गदर्शकांची मान्यता लेखी हवी.

३. लॉगबुक रोजच्या रोज भरा. तारीख, तास, काय केलं याच्या दोन ओळी, आणि आठवड्याला एक सही.

एका लॉगबुकवर मी अजून हसतो. सगळी पानं एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत भरलेली. त्यात अनंत चतुर्दशीच्या तारखेसमोर लिहिलं होतं: 'लालबाग ऑफिस, सकाळी १० ते ६, क्लायंट मीटिंग.' त्या दिवशी लालबागला कोणता क्लायंट कुठून पोचला असेल हे मी त्या मुलालाच विचारलं. उत्तर आलं नाही. १२० तास पुन्हा करावे लागले.

आता प्रोजेक्ट. विषय ठरवताना 'भारतातील ई-कॉमर्स' असले डोंगर उचलू नका. दादर मार्केटमधल्या पन्नास फूलवाल्यांपैकी किती जण यूपीआय घेतात आणि का घेत नाहीत, हा विषय दोन शनिवारांत फिरून होतो आणि तोंडी परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला तुमच्याकडे स्वतःचं उत्तर असतं. प्रश्नावली आधी गाईडना दाखवा, मग वाटा. उलटं केलं की शंभर उत्तरं हातात असतात आणि मुख्य प्रश्नच विचारायचा राहिलेला असतो.

गूगल फॉर्मच्या शीटमध्ये प्रत्येक उत्तराची वेळ नोंदलेली असते हे मुलं विसरतात. रात्री ११.१० ते ११.५० या चाळीस मिनिटांत आलेली शंभर उत्तरं, सगळ्यांचं वय १९ ते २०, आणि प्रोजेक्ट मात्र ज्येष्ठ नागरिकांच्या गुंतवणुकीवर! तीस खरी उत्तरं आणि "नमुना लहान आहे" अशी प्रामाणिक ओळ याला जास्त गुण मिळतात. माझ्याकडे तरी मिळतात.

उसनवारीबद्दल, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबद्दल, मोठा गैरसमज आहे. "सर, दहा टक्के चालतं ना?" हा दहा टक्क्यांचा आकडा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतला आहे. ती पदव्युत्तर आणि संशोधन पातळीच्या लेखनासाठी आहे आणि तिने असाइनमेंट व प्रोजेक्ट रिपोर्ट स्पष्टपणे वगळले आहेत. तुमच्या प्रोजेक्टला मर्यादा घालतं ते तुमचं कॉलेज. म्हणून आकडा हँडबुकमध्ये बघा किंवा गाईडना विचारा. आणि रिपोर्टमध्ये साम्य आठ टक्के निघालं तरी ते आठ टक्के म्हणजे सलग उचललेली तुमची अख्खी 'निष्कर्ष' पानं असतील, तर ती चोरीच.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरायची की नाही हे कॉलेज ठरवेल. वापरलीत तर जे विचारलं आणि जे मिळालं त्याची नोंद ठेवा आणि संदर्भसूचीतला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. ही साधनं अस्तित्वात नसलेली पुस्तकं बिनदिक्कत सुचवतात. तोंडी परीक्षेत मी सूचीतलं तिसरं पुस्तक विचारतो, फक्त तिसरं. तिथेच बरेच जण गडबडतात.

सावधान: स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे 'रेडी प्रोजेक्ट' मिळतो तो तुमच्याआधी अनेकांनी घेतलेला असतो. मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट कॉलेजच्या कपाटातच असतात.

टप्पा ५: परीक्षेचा फॉर्म आणि हॉल तिकीट

फॉर्म भरताना विषयांची नावं सिलॅबसमधून जुळवा. ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. फी भरल्याची पावती फाइलमध्ये ठेवा. हॉल तिकीट मिळालं की त्याच दिवशी नाव, फोटो, विषय, तारीख, वेळ आणि केंद्र वाचा. परीक्षेच्या सकाळी वाचून काही होत नाही.

लर्निंग डिसेबिलिटी किंवा अन्य दिव्यांगत्व असेल तर लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळते. पण त्याचा अर्ज प्रमाणपत्रासह आधी करायचा असतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी-पालिकेच्या केंद्रातून प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच तारीख घ्या.

पावसाळ्यात पेपर पुढे ढकलला जातो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर खरं आणि खोटं परिपत्रक एकाच वेळी फिरतं. विद्यापीठाची किंवा कॉलेजची वेबसाइट बघा. तिथे काही नसेल तर पेपर आहे असं धरून घरातून निघा.

टप्पा ६: परीक्षेच्या हॉलमध्ये

गैरप्रकारांसाठी विद्यापीठाचा ऑर्डिनन्स ५०५० आहे. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे: चिठ्ठी वापरली नाही, फक्त जवळ होती, तरी तो गैरप्रकार आहे. आणि शिक्षा त्या एका पेपरपुरती राहत नाही, त्या परीक्षेतली सगळी कामगिरी रद्द होऊ शकते. प्रत्यक्ष नक्कल केली तर पुढच्या परीक्षेलाही बसता येत नाही.

म्हणून बसण्याआधी खिसे, पाऊच, कॅल्क्युलेटरचं कव्हर आणि हॉल तिकिटाची मागची बाजू तपासा. प्रवासात हॉल तिकिटावर मैत्रिणीचा नंबर लिहिला, एखादं सूत्र खरडलं, एवढंही पुरतं. फोन बंद करून बॅगेत आणि बॅग वर्गाबाहेर. "सायलेंटवर होता" हे उत्तर नाही.

पकडले गेलात तर कागद फाडू नका, गिळू तर मुळीच नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा आरोप होतो. जे झालं ते लेखी निवेदनात खरं लिहा, नवी उत्तरपत्रिका घ्या आणि पेपर पूर्ण करा. नंतर चौकशी समितीसमोर बोलायची संधी मिळते. तिथे एकटे न जाता पालकांना सांगून जा.

टप्पा ७: निकाल वाचणं

एसजीपीए, म्हणजे मार्कशीटवरचा सेमिस्टरचा एकूण आकडा, ही ग्रेड पॉइंटची साधी सरासरी असं मुलं धरून चालतात. तसं नसतं. प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. चार क्रेडिटच्या तीन विषयांत ८, ७, ५ आणि दोन क्रेडिटच्या पाच विषयांत ९, ९, ८, १०, ७ असे पॉइंट आहेत. पहिल्या गटाचे ८०, दुसऱ्याचे ८६, एकूण १६६. भागिले २२ क्रेडिट: ७.५५. साधी सरासरी ७.८८ आली असती. छोट्या विषयांतले नऊ-दहा पॉइंट मोठ्या विषयातले पाच झाकू शकत नाहीत. अभ्यासाचे तास वाटताना क्रेडिट समोर ठेवा.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) किंवा डीएलएलई (विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचं काम) केलं असेल तर मिळणाऱ्या १० गुणांची नोंद वेळेत गेली का ते विभागप्रमुखांना विचारा. त्यासाठी १२० तासांचं काम आणि त्याची डायरी पूर्ण लागते. ग्रेसच्या, म्हणजे पास व्हायला वरून मिळणाऱ्या गुणांच्या, भरवशावर पेपर सोडू नका. तो विषयाला दोन-तीन गुणांचा असतो आणि त्याने अख्खं सेमिस्टर सुटत असेल तरच उपयोगी पडतो.

टप्पा ८: निकाल पटला नाही तर

१. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही निकाल बघितला त्या दिवसापासून नव्हे.

२. प्रतीत बेरीज, न तपासलेली उत्तरं आणि पुरवण्यांची संख्या बघा. विषयाच्या शिक्षकांना दाखवा. मित्राला नको, तो तुमच्याच बाजूने बोलणार.

३. कारण सापडलं तरच रिव्हॅल्युएशनचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासण्याचा, अर्ज करा. तो लेखी पेपरचा असतो, अंतर्गत गुण त्याने बदलत नाहीत.

४. त्याच वेळी एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेचा, फॉर्मही भरा. रिव्हॅल्युएशनचा निकाल येण्याआधी एटीकेटीची मुदत संपते आणि मुलं दोन्हीकडून जातात. फी वाया गेली तर गेली.

बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, पहिल्या वर्षाचे असतील तर ते आधी उरका. जुन्या सेमिस्टर पद्धतीत पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला प्रवेश नव्हता, आणि 'एकच तर विषय आहे' म्हणणारे कितीतरी जण अख्खं वर्ष घरी बसले. तुमच्या बॅचची अट परीक्षा विभागातून लेखी घ्या.

कॉलेजनेच चूक केली आणि ऐकून घेतलं जात नसेल, तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तक्रार लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, तुमच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. अर्जात तारखा आणि जोडलेल्या कागदांची यादी द्या, राग नको. आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर जाऊ नका, शिक्का ज्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो ते तेव्हा डबा खात असतात.